दिव्यावरची मासेमारी आणि समुद्राची मालकी



उजेड दाखवून जलचर पकडणे ही काही अलीकडची युक्ती नव्हे. पहिल्या पावसात कोकणातली माणसे बत्ती घेऊन रात्री कुर्ल्या पकडायला निघतात. अमेरिकेतील जलाशयांत क्रॅपी नावाच्या माशासाठी हौशी माणसे होडीच्या कडेला दिवा सोडून गळ टाकून बसतात. तेथील अनेक राज्यांत एकाने दिवसाला किती क्रॅपी न्यावेत यावर कायद्याचे बंधन आहे. तेव्हा कोकण किनाऱ्यावरील संघर्षात दिव्यालाच आरोपी ठरवणे भाबडेपणाचे होईल.

एलईडीच्या मासेमारीत घडते ते असे. अंधाऱ्या रात्री जनित्र बसवलेली नौका पाण्यावर आणि पाण्याखाली प्रखर दिवे लावते. उजेडाकडे सूक्ष्म जीव ओढले जातात, त्यांच्यामागे लहान मासे आणि लहानांमागे मोठे. थवा दाट झाला की पर्ससीनचे जाळे भोवती फिरवून त्याचा तळ बटव्याच्या तोंडासारखा आवळतात. बांगडा असो, तारली असो, वा अजून वाढ न झालेली पिल्ले असोत, सारे एकत्र वर येते.

आता यातले अर्थशास्त्र. एका नौकेने दिवे लावले की शेजारच्या नौकेला अधिक प्रखर दिवे लावणे भाग पडते, कारण मासळी उजेडाच्या दिशेने सरकते. मग मोठे जनित्र, अधिक डिझेल, अधिक कर्ज. समुद्रातील मासळी मात्र या खर्चाने एका नगानेही वाढत नाही. ती फक्त एकाच्या वाट्यातून दुसऱ्याच्या वाट्यात जाते. ज्याच्यापाशी भांडवल नाही, त्या रापणीच्या आणि गिलनेटच्या मच्छीमाराला किनाऱ्याशी येणारी मासळी वाटेतच अडवली गेल्याचा तोटा सोसावा लागतो. रापण सारा वाडा मिळून ओढतो आणि मासळीचे वाटे पडतात. येथे वाटा पडतो तो गुंतवणुकीप्रमाणे.

कायदा नाही, ही तक्रार खरी नव्हे. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात यांत्रिक नौकांविरुद्ध लढा दिला आणि 1980 साली तेथे कायदा झाला. महाराष्ट्राचा 1981 चा. 12 सागरी मैलांपलीकडच्या, केंद्राच्या अखत्यारीतील पट्ट्यात एलईडीला 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने बंदी आली. महाराष्ट्राने 2021 मध्ये आपला कायदा सुधारून अशा मासेमारीस 5 ते 20 लाख रुपये दंड ठेवला. पण दंड कितीही मोठा असला, तरी पकडले जाण्याची शक्यता नगण्य असेल तर मालक त्याची गणना धंद्याच्या किरकोळ जोखमीतच करणार. गस्तीनौका अपुऱ्या आहेत हे उत्तर वर्षानुवर्षे ऐकू येते. वस्तुतः जनित्र आणि दिवे बंदरातच चढतात, डिझेल बंदरातच भरले जाते, मासळी बंदरातच उतरते आणि तिचा लिलाव दिवसाढवळ्या होतो. तपासणीसाठी खोल समुद्रात जाण्याची गरज काय?

ही तपासणी मच्छीमार सहकारी संस्थांच्या प्रतिनिधींसमक्ष व्हावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी बंदराबंदरांतून केली पाहिजे. मात्र मोर्चा काढताना एक भान हवे. दिव्याच्या नौकेवर राबणारा खलाशी हा त्या दिव्याचा मालक नाही; रत्नागिरीच्या नौकांवर तर तो पुष्कळदा नेपाळहून पोटासाठी आलेला असतो. नौका जप्त झाली की त्याची त्या हंगामाची मजुरी कोणी द्यायची, हे मागण्यांच्या यादीत स्पष्ट शब्दांत लिहिलेले असले पाहिजे.