गुणगौरव केव्हा करावा?

(मंडळाच्या हिंगोली येथील वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींचा सत्कार आताच झाला. शिक्षकाला याहून मोठा आनंद कोणता? निजामी राजवटीत आपल्याकडील मुलाला डॉक्टर व्हावयाचे तर हैदराबादची वाट धरावी लागे. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ साली, नांदेडला १९८८ साली, आणि २०२४ मध्ये ते खुद्द हिंगोलीत आले. विद्या दारी आली असता तिला उत्तेजन देणे हे आपले कर्तव्यच होय. तथापि पारितोषिक कशाला द्यावे व केव्हा द्यावे, याविषयी अनुभवाचे दोन शब्द सांगण्याची अनुज्ञा मागतो.

काही वर्षांपूर्वी कळमनुरी तालुक्यातील एका शेतमजुराच्या मुलाला असाच प्रवेश मिळाला. तो माझा विद्यार्थी. मीच आग्रह धरून त्याचा सत्कार करविला. शाल, श्रीफळ आणि रोख रक्कम देवविली. पहिल्या वर्षी तो शरीररचनाशास्त्रात नापास झाला. दिवाळीला घरी आला नाही, म्हणून मी वसतिगृहावर गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, आई ती शाल पेटीतून काढून आल्यागेल्याला दाखविते. आता कोणत्या तोंडाने घरी जाऊ?”

मी खजील झालो. उत्तेजनार्थ दिलेली शाल त्याच्या खांद्यावर ओझे होऊन बसली होती. रोख रक्कम तर गावजेवणातच संपली होती. मराठी माध्यमातून आलेल्या त्या मुलाला इंग्रजी पुस्तकाचे एक पान उलगडण्यास तास लागे, आणि अभ्यासासाठी हाडांचा संच घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. आम्ही कोणी ते विचारलेच नव्हते! पुढे वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपला जुना संच दिला व रोज सायंकाळी त्याला सोबत घेऊन वाचन केले. मी दर रविवारी दूरध्वनीवरून एवढेच विचारी, “या आठवड्यात किती पाने झाली?” तो पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झाला. आज तो खेड्यातील आरोग्य केंद्रात रुग्ण तपासतो.

हा केवळ माझाच अनुभव आहे असे नाही. रोलंड फ्रायर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांवर असे प्रयोग करून २०११ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यू यॉर्कमध्ये परीक्षेतील गुणांसाठी पैसे देऊन पाहिले; गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये मात्र दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तेव्हा इंग्रजी भाषक मुलांची वाचनातील समज सुधारली. गुण मिळविणे पूर्णपणे मुलाच्या हाती नसते. पुस्तक वाचणे असते. हातात असलेल्या गोष्टीला दिलेले उत्तेजनच फळते.

मग पहिल्या येणाऱ्याचे कौतुक करू नये काय? अवश्य करावे. डॉ. भाऊ दाजी लाड यांना तरुणपणी बालहत्येच्या चालीवरील निबंधास ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले होते. १८५१ साली मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. परंतु आज आपण त्यांचे नाव आदराने घेतो, ते त्या रकमेसाठी नव्हे. गोरगरिबांना त्यांनी मोफत औषधोपचार केले, म्हणून. परीक्षेचे बक्षीस हे विद्येचे साध्य नव्हे, तिच्या वाटेवरचा पाणवठा आहे. आणि पाणवठा वाट संपल्यावर असून काय उपयोग?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पारितोषिक निधीचा निम्मा भाग प्रवेश घेतेवेळीच पुस्तके व हाडांचे संच यांसाठी खर्चावा आणि ते संच मंडळाकडे परत घेऊन पुढच्या विद्यार्थ्यास द्यावेत. दुसरे, नवागतास वर्षभर शिकविणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला मानधन द्यावे. तिसरे, जो एकदा पडून पुन्हा उठला, त्याचाही याच व्यासपीठावर सत्कार व्हावा. मात्र त्याची संमती घेऊनच.

त्या सत्काराची पहिली शाल मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन.