चहा झोप उडवतो, थकवा नाही
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपलं जाम म्हणजे चौरस्ता. नागपूरहून आलेली वाट इथे फुटते. एक हिंगणघाटमार्गे हैदराबादला, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरला. या रस्त्यावर रात्र कधी होतच नाही. आपल्यातले कित्येक जण ट्रक चालवतात, कोणी रात्रपाळी करतात, कोणी चहाची टपरी चालवतात. म्हणून आज चहाबद्दल बोलतो.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचं द्रव्य साचत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी बसलं की झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफिन नेमकं त्याच जागेवर एसटीतल्यासारखा रुमाल टाकतं. अ‍ॅडेनोसीनला बसायला मिळत नाही, पण ते गाडीतून उतरतही नाही, उभंच राहतं. रुमाल उचलला गेला, की सगळी गर्दी एकदम बसते. पहाटे चारला अचानक डोळे मिटतात, ते याचमुळे.

कॅफिनचा पुरता असर व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि त्यातलं निम्मं अंगातून जायला पाच तासांच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी सातचा कडक चहा मध्यरात्रीही निम्मा शिल्लक असतो. मुलांना परीक्षेच्या रात्री चहावर जागवणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावं. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच.

ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी जवळपास ९० मीटर चालकाविना धावते. तिथे चहा कामाचा नाही. डोळे जड झाले की गाडी बाजूला घ्या, कपभर चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. उठेपर्यंत चहाही कामाला लागतो. पण हा उपाय तासा-दोन तासांचा. पुऱ्या झोपेला पर्याय नाही.

गाडीमालक मित्रांनाही सांगणं आहे. मोटार परिवहन कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ च्या कायद्यातच घातली होती. ती पाळा. आणि टपरीवाल्या दोस्तांनो, बाकड्याशेजारी एक खाट टाका. चहाचे पैसे घ्या, खाटेचे घेऊ नका. पुढच्या मेळाव्याला आपण सगळे इथे हवे आहोत.