आईची सही

आपल्या गावची मुलं पहाटे उठून रस्त्यावर धावतात, सैन्यभरतीची तयारी करतात. ती आपल्या मनाने जातात. आपल्या देशात लष्कराची सक्ती नाही. काही देशांत मात्र वय झालं की जावंच लागतं. मग एखाद्या घरात एकच लेकरू असेल तर? आमच्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, म्हणून आज त्यावर बोलत आहोत.

अमेरिकेत सुलिव्हन नावाच्या घरातले पाच भाऊ एकाच युद्धनौकेवर होते. नोव्हेंबर 1942 मध्ये ती नौका बुडवली गेली आणि पाचही भाऊ गेले. पुढे 1948 च्या कायद्यात, ज्या घराने मूल लढाईत गमावलं त्या घरी उरलेल्या एकट्या मुलाला सक्तीच्या भरतीतून सूट मिळाली. नुसता एकुलता एक असून ती मिळत नाही. एका घराने किती द्यायचं, याला कायद्याने हद्द घातली.

इस्रायलमध्ये तर मुलींनाही सैन्यात जावं लागतं. लग्न झालेल्या मुलीला, लेकुरवाळीला सूट असते. एकुलतं एक मूल असेल किंवा घरातला कुणी सैन्यात गमावला असेल, तर त्या मुलाला प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकडीत जाण्यासाठी आईवडिलांची लेखी संमती लागते. आपल्या अलिबाग-पेणकडून तिकडे गेलेल्या बेने इस्रायल घरांनाही हाच नियम आहे.

त्या आईचा विचार करा. मुलगा कागद पुढे ठेवून म्हणतो, सही कर. नाही म्हणावं तर मुलगा रुसतो, हो म्हणावं तर डोळ्याला डोळा लागत नाही. कायदा तिला उत्तर सांगत नाही; पण तिला विचारल्याशिवाय पुढेही जात नाही.

आपण गटात येऊन अंगठ्यावरून सहीवर आलो. पण घरी कर्जाचा, जमिनीचा कागद आला की आपल्या कानावर एवढंच येतं, ‘इथे सही कर.’ जिथे नाही म्हणायची सोय नाही, तिथे सहीला काय अर्थ?

येत्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं, वर्षभरात कोणत्या कागदावर सही केली आणि त्यात काय लिहिलं होतं. जिला ठाऊक नसेल, तिने कागद घेऊन यावं. आपण मिळून वाचू.