हृदयाचा जमाखर्च

मुठीएवढे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा स्पंदन पावते. प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर याप्रमाणे मिनिटाला पाच लिटर रक्त ते पुढे लोटते. रक्ताचे हे अखंड अभिसरण विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सप्रमाण मांडले.

आकुंचन हेच हृदयाचे कार्य, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ०.८ सेकंदाच्या एका ठोक्यात आकुंचनास सुमारे ०.३ सेकंद, तर प्रसरणास ०.५ सेकंद लागतात. प्रसरण म्हणजे नुसता विसावा नव्हे. याच अवधीत जवनिका रक्ताने भरतात आणि डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचे रक्तही मुख्यतः याच वेळी मिळते. जमेविना खर्च नाही, हा पेढीवरचा नियम हृदयालाही लागू आहे.

'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराची गरज भागविण्यास ते अपुरे पडणे होय. त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात स्नायू दुर्बल होतो. निरोगी जवनिका भरलेल्या रक्तापैकी निम्म्याहून अधिक बाहेर टाकते. येथे ते प्रमाण ४० टक्के वा त्याहून कमी होते. दुसऱ्यात खर्चाची बाजू ठीक दिसते, पण जमेची बिघडते. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता आणि वार्धक्य यांमुळे भिंती ताठर होतात व हृदय नीट भरत नाही. 'पंपिंग चांगले आहे' असा अहवाल हाती असूनही जिना चढताना दम लागतो, तो अनेकदा यामुळे. दोन्ही प्रकारांत रक्त मागे तुंबते. पावलांवर सूज येते, आडवे होताच श्वास कोंडतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. आज प्रत्यारोपणाची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचा संसार नियमित औषधांवर चालतो. हृदयशस्त्रक्रियेसाठीही नगरकरांना आता पुण्या-मुंबईसच जावे लागत नाही. आनंदऋषीजी हॉस्पिटलात ती सोय आहे.

मात्र शहरात सोय असून घरात सावधपणा नसेल, तर उपयोग काय? बरे वाटताच गोळ्या थांबविणे, ही सर्वांत महागडी काटकसर होय. पापड-लोणच्यांतील मीठ शरीरात पाणी साठविते. रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे. आयंबिल मिठाविना केले, तर ती जमेची बाजू. परंतु लघवीची गोळी घेणाऱ्याने पाणी सोडून उपवास केल्यास रक्तदाब व मूत्रपिंड धोक्यात येऊ शकतात. म्हणून तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा आणि घरातील ज्येष्ठांना तशी आठवण तरुणांनी करून द्यावी.

हृदयाची वही रोज लिहिली जाते. ती रोज तपासणाऱ्या घरावर अकस्मात संकटाची वेळ क्वचितच येते.