सवलत परीक्षेपाशी का थांबावी?



श्रीसिद्धरामेश्वरांच्या या नगरीत, जिथे एकाच वस्तीतून मुले मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमांच्या शाळांची वाट धरतात, स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

ज्यांच्या मेंदूची घडण निराळी आहे अशा विद्यार्थ्यांविषयी आपण आता मोकळेपणाने बोलू लागलो आहोत. त्याच घडणीच्या शिक्षकांविषयी मात्र शिक्षककक्षांत अद्याप मौनच आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये मान्यता दिली, आणि त्या आधारावर शिकून त्यांतील जे कोणी पुढे स्वतः शिक्षक झाले असतील, त्यांची अडचण पदवीबरोबर सरली असे मानण्यास काडीचाही आधार नसताना, सवलत मात्र परीक्षेच्या दालनापाशीच संपली.

माझ्या परिचयाचे एक गणिताचे शिक्षक पूर्व भागातील विणकरांच्या मुलांना जेकार्ड चादरीची नक्षी आलेख-कागदावर उतरवायला लावतात आणि त्या चौकटींतूनच निर्देशक भूमिती उलगडून दाखवतात. परंतु महिनाअखेर हजेरीपटाचा गोषवारा काढताना त्यांच्या हातून आकड्यांची अदलाबदल होते. गोपनीय अहवालात निष्काळजीपणाचा शेरा पडेल या धास्तीने त्यांनी मुख्याध्यापकांपाशी कधी अवाक्षर काढले नाही, आणि रात्री पत्नीकडून तपासून घेतलेला कागद ते सकाळी निमूटपणे दप्तरी दाखल करतात. इतक्या गुणी माणसाने असे चोरून वागावे, याचे मला फार दुःख होते.

वास्तविक, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा अंतर्भाव आहे (एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही उणीवच), आणि शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत अनुदानित संस्थाही येत असल्याने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोय पुरविणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. ही सोय बहुधा बिनखर्ची असते: गैरहजर सहकाऱ्याचा तास घ्यावयाचा तर आदल्या दिवशी कळवावे, तोंडी फर्मानाऐवजी चिठ्ठी द्यावी, मधल्या सुटीत गलबल्यापासून दूर बसावयास एखादी खोली मोकळी ठेवावी, आणि गोषवारा दुसऱ्याने तपासून देण्याची तजवीज उघडपणे, दोघांच्या संमतीने व्हावी.

अशा सोयींच्या शिफारशींचा मसुदा दुपारच्या सत्रात आपल्यापुढे येईल. मुख्याध्यापकांनी त्यात आपल्या अनुभवाची भर घालावी. आणि कोणा शिक्षकास आपली अडचण नाव न देता लिहून कळवावयाची असेल, तर त्यासाठी स्वागतकक्षात बंद पेटी ठेवली आहे.