बंब, शेगडी आणि शहराची हवा

पुण्यांत थंडीसाठीं घर तापविण्याची चाल कधींच रूढ झाली नाहीं. विलायतेंत खोलीखोलीच्या भिंतींत अग्निस्थान असे, त्यांत दगडी कोळसा जळे आणि छपरावर धुराड्यांची रांग दिसे. पुणेकराची थंडी शालीनें, कानटोपीनें आणि रात्रीं गोधडीनें भागते. १७ जानेवारी १९३५ रोजीं या शहरांत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता खरा; पण तो अपवाद. डिसेंबर-जानेवारींतील पहांट बहुधा दहा-बारा अंशांची असते, आणि तेवढ्यासाठीं भिंती तापविण्याचें कारण पडत नाहीं. स्नानाच्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी. हौदाचें किंवा नळाचें गार पाणी पहांटे अंगावर घेण्याचें व्रत थोड्यांनींच पाळलें. बाकीच्यांना कढत पाणी लागे, आणि आजहि लागतें. म्हणून घर तापविण्याचा जो प्रश्न लंडनांत होता, तो पुण्यांत पाणी तापविण्याच्या रूपानें आला. आणि त्याचें उत्तर पुष्कळ वर्षें एकच होतें, तें म्हणजे बंब.

तांब्याचा पोटफुगा बंब ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याचें वर्णन नको. परंतु ज्या घरांत तो आतां दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु होऊन बसला आहे, तेथील मुलांसाठीं दोन शब्द सांगावयास हवेत. मध्यें उभी नळी, खालीं जाळी, नळीभोंवतीं पाणी आणि बाजूला तोटी. नळींत निखारा टाकावयाचा आणि वरून जळण सोडावयाचें. हें जळण म्हणजे भवानी पेठेंतील वखारींतून आणलेल्या लांकडाच्या ढलप्या, गोंवऱ्या, नारळाच्या शेंड्या, भुईमुगाचीं टरफलें, आणि शेवटीं रद्दी. घरांत जें जें नको असेल तें तें बंबाच्या पोटांत जाई. पुणेरी भाषेची मौज अशी कीं, जो घरांत विस्तव धरतो तोहि बंब आणि विस्तव विझविण्यासाठीं घंटा वाजवीत रस्त्यानें धांवतो तोहि बंबच.

वाड्यांत दहा-बारा बिऱ्हाडें असत. प्रत्येकाची चूल, प्रत्येकाची शेगडी, आणि न्हाणीघराशीं बंब. पहांटे साडेपांचापासून चौकांत धूर कोंडूं लागे तो उन्हें वर आल्यावरच हले. तेव्हां कोणास त्याचें कांहीं वाटत नसे. धूर हा संसाराचाच एक भाग, अशी समजूत होती. डोळे चोळावे आणि पदरानें नाक पुसावें, एवढाच त्यावर उपाय.

धूर म्हणजे काय, हें शास्त्रदृष्ट्या पाहिलें तर तें न जळलेलें जळण होय. लांकूड तापलें कीं त्यांतून वायु आणि डांबरासारखीं द्रव्यें सुटतात. त्यांना पुरेशी उष्णता आणि पुरेसा प्राणवायु मिळाला तर तीं पूर्ण जळतात, आणि मागें पाण्याची वाफ व कार्बन डायॉक्साइड एवढेंच राहतें. पण चुलींत हा योग क्वचित् जुळतो. लांकूड ओलसर असतें, तुकडे जाड असतात, हवा कोठें फार लागते तर कोठें मुळींच पोंचत नाहीं. मग अर्धवट जळलेलें द्रव्य काजळीच्या कणांच्या रूपानें बाहेर पडतें आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु येतो. शास्त्रज्ञ ज्यांना पी. एम्. २.५ म्हणतात ते हेच कण. त्यांची जाडी मनुष्याच्या केंसाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाइतकी किंवा त्याहूनहि कमी. नाकांतील केंस त्यांना अडवीत नाहींत. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. स्वयंपाकाच्या गॅसचें तसें नाहीं. तो वायुरूपच असल्यामुळें शेगडीच्या छिद्रांतून निघतांनाच हवेंत नीट मिसळतो आणि निळ्या ज्योतीनें जळतो. त्या निळ्या रंगांतच सारा फरक सांठविलेला आहे.

हवेंतील या कणांसाठीं आपल्या सरकारनें २००९ सालीं जी मर्यादा घातली ती चोवीस तासांच्या सरासरीस दर घनमीटरमागें ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती १५ वर आणली. लांकडाच्या चुलीच्या स्वयंपाकघरांत स्वयंपाक चालू असतांना हाच आंकडा कित्येक शेंकड्यांवर, कधीं हजारापलीकडेहि गेलेला मोजणाऱ्यांना आढळला आहे. ज्या आज्या साठीनंतर जिना चढतांना धापा टाकीत आणि ज्यांच्या खोकल्याला घरचे लोक ‘वयाचा दमा’ म्हणत, त्यांपैकीं बहुतेकींनीं जन्मांत विडी ओढली नव्हती. वैद्यकांत मात्र फुप्फुसाच्या या जुनाट रोगाचें खापर दीर्घकाळ तंबाखूवरच फोडलें जाई. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत जो लेख लिहिला त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, या रोगाच्या २५ ते ४५ टक्के रोग्यांनीं कधींच धूम्रपान केलेलें नसतें. आणि जगांत तंबाखू ओढणारे सुमारें शंभर कोटि, तर लांकूड-गोंवऱ्यांच्या धुरांत वावरणारे सुमारें तीनशें कोटि. म्हणजे आज्यांचा खोकला वयाचा नव्हता, तो चुलीचा होता. हें त्यांना कोणीं वेळेवर सांगितलें नाहीं.

बंब गेला तो एकाएकीं गेला नाहीं. आधीं रॉकेलचा स्टोव्ह आला. धूर कमी झाला, पण वास आणि काजळी राहिली. घरांत रॉकेल जाळूं नये असाच सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं दिला. मग टांकीचा गॅस आला, विजेचा गीझर आला. २००६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीनें नळाचा गॅस कांहीं उपनगरांच्या ओट्यांपर्यंत आणला. यांत पुण्याला खरोखर भूषणावह अशी गोष्ट एकच, ती म्हणजे गच्चीवरील सौर बंब. उन्हानें पाणी तापविण्याची ही सोय देशांत ज्या शहरांनीं मनापासून स्वीकारली त्यांत पुणें अग्रभागीं आहे. ती बसविणाऱ्यास महापालिका मिळकतकरांत सूटहि देते. पुणेकरांनीं तिला नांवहि बंबाचेंच दिलें, हें विशेष! या बंबाला जाळी नाहीं, राख नाहीं, वखारीची उधारी नाहीं. ढगाळ दिवशीं तो रुसतो, आणि उंच इमारतींत गच्ची लहान व बिऱ्हाडें फार, म्हणून सर्वांना पुरत नाहीं. एवढे दोन दोष त्याच्या पदरीं घालावे लागतात.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. स्वच्छ जळण म्हणजे निर्धोक जळण नव्हे. बंद न्हाणीघरांत लावलेला गॅसचा गीझर खोलींतील प्राणवायु संपवूं लागला कीं ज्योत अपुरी जळते आणि कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. स्नानास गेलेलें माणूस दार ठोठावूनहि उठलें नाहीं, अशा दुर्घटना या शहरानें पाहिल्या आहेत. दारें लावून निजतांना उशाशीं कोळशाची शेगडी ठेवण्याचा परिणामहि तोच. गीझर न्हाणीघराबाहेर असावा आणि त्याच्या वायूस उघड्या हवेंत वाट असावी; यांत काटकसर करूं नये.

असो. सुखवस्तु घरांतील हवा अशा रीतीनें निवळली. आतां बाहेरच्या हवेकडे वळूं या. ज्या घराच्या खिडक्या उघड्या असतात त्या घरांतील हवा तासाभरांत अनेक वेळां बदलते. म्हणजे आंतली हवा ही फार अंशीं बाहेरचीच हवा असते. आणि पुण्याच्या हिंवाळ्यांतील बाहेरची हवा हें एक विचित्र प्रकरण आहे. शहर सुमारें ५६० मीटर उंचीवर, पण भोंवतीं टेंकड्या. निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता झपाट्यानें आकाशांत सोडते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचें झांकण बसतें. एरवीं उंचीबरोबर हवा थंड होत जाते, येथें क्रम उलटतो. दुपारीं जो धूर हजार मीटरपर्यंत वर जाऊन विरला असता तो पहांटे दोनचारशें हातांवरच अडतो. ‘सिमला ऑफिस’ या नांवानें पुणेकर ज्या वेधशाळेला १९२८ पासून ओळखतात तेथील जाणत्यांना हा प्रकार नवीन नाहीं. आणि पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेनें २०१३ पासून ‘सफर’ या योजनेखालीं पुण्याच्या हवेचें मोजमाप लोकांपुढें ठेवण्यास आरंभ केला. जे लोक शुद्ध हवेसाठीं पहांटे वेताळ टेंकडी चढतात त्यांनीं वर पोंचल्यावर एकदां मागें वळून पाहावें. शहरावर राखाडी पट्टा आडवा पसरलेला दिसतो. शुद्ध हवेसाठीं लवकर उठण्याचा हा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून दिला गेला. हिंवाळ्यापुरता तरी तो तपासून पाहण्याजोगा आहे.

त्या पट्ट्यांत मोटारींचा धूर आहे, रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ आहे. त्यांचा वांटा मोठा आहे, आणि तो कोणी नाकारूं नये. पण पहांटे तीन ते सहा या वेळांत, मोटारी निजलेल्या असतांना, आणखी कांहीं जळत असतें. सोसायटीच्या फाटकाशीं पहारेकऱ्याची शेकोटी पेटलेली असते. तींत वाळका पाला, फळांच्या खोक्यांच्या फळ्या, रंगविलेला प्लायवूड, प्रसंगीं प्लॅस्टिक आणि सायकलचा टायरसुद्धां. वाघोली, उंड्री, हिंजवडी या बाजूंस नव्या इमारतींच्या पायथ्याशीं पत्र्याच्या खोल्यांपुढें मजुरांच्या चुली पेटतात. दिवसाचा स्वयंपाक आणि स्नानाचें पाणी एकाच विस्तवावर. चौथ्या मजल्यावरील गृहस्थानें गॅस घेतला, सौर बंब बसविला, दाराला जाळी लावली. आणि पहांटे त्याच्या मुलाच्या नाकांत जातो तो खालच्या शेकोटींतील प्लायवूडचा धूर. आपल्या घरांतून हांकललेला धूर फाटकाबाहेर जाऊन बसला आणि खिडकीवाटे परत आला, असेंच म्हणावें लागेल. आणि पहारेकरी तर रात्रभर त्याच्या तोंडाशींच बसलेला. भारतांतील बाहेरच्या हवेंत जे सूक्ष्म कण असतात त्यांपैकीं सुमारें चवथा हिस्सा घरगुती लांकूड-गोंवऱ्यांच्या जळणाचा, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत निघालें. चुलीचा प्रश्न चुलीपाशींच राहतो, ही कल्पना यापुढें सोडून द्यावी हें बरें.

जळण बदललें कीं साऱ्या शहराची हवा बदलते काय? लंडनांत १९५२ सालच्या डिसेंबरांत, ५ ते ९ तारखांच्या दरम्यान, अशाच उलट्या झांकणाखालीं घरोघरच्या कोळशाचा धूर कोंडला आणि हजारों माणसें दगावलीं. १९५६ सालीं तेथें शुद्ध हवेचा कायदा झाला. पण त्याहून उद्बोधक उदाहरण डब्लिनचें. आयर्लंडच्या या राजधानींत १ सप्टेंबर १९९० पासून धुरकट दगडी कोळशाची विक्री बंद करण्यांत आली. घरोघर पाहणी करून कोणास दंड करण्याची गरज पडली नाहीं. दुकानांत कोळसाच मिळेनासा झाला, आणि लोक निर्धूर जळणाकडे वळले. पुढील सहा वर्षांत तेथील हवेंतील काजळी सुमारें ७० टक्क्यांनीं उतरली, आणि श्वसनाच्या विकारांनीं होणारे मृत्यूहि कमी झाले. डब्लिनकरांना जें बंद झालें त्याऐवजीं दुसरें मिळत होतें, हें यांतील मर्म.

आपल्याकडे हुकुमांची उणीव नाहीं. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पांच हजार रुपयांचा दंड राष्ट्रीय हरित लवादानें १९१६ सालीं नव्हे, २०१६ सालींच ठरवून दिला; सालाकडे लक्ष वेधण्याचें कारण एवढेंच कीं, हुकूम इतका ताजा असून शेकोट्या आहेत तशाच आहेत. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मुंबईंतील लांकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ जळण स्वीकारण्यास फर्माविलें. बेकरीवाल्यास दुसरी भट्टी बसवितां येते. पहारेकऱ्यानें काय करावें? त्याला दंड करणें म्हणजे थंडीबद्दल दंड करणें होय. दिल्लींत प्रदूषण वाढलें कीं पहारेकऱ्यांना विजेची शेगडी पुरविण्याची जबाबदारी वस्तीच्या संस्थांवरच टाकली जाते, हें शहाणपणाचें आहे. गणित फार सोपें आहे. हजार वॅटची शेगडी आठ तास चालली तर आठ युनिट वीज लागते. चाळीस बिऱ्हाडांत तीं वांटलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास एका रात्रीं युनिटाचा पांचवा भाग येतो. मात्र उघड्या फाटकाशीं विजेची शेगडी निरुपयोगी; तिच्यासाठीं दार असलेली चौकी बांधून द्यावी लागेल, म्हणजे कांहीं विटा आणि एक कवाड.

मजुरांचा प्रश्न अधिक बिकट आहे. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि घरांत गॅस नेला. परंतु दर सहा महिन्यांनीं जागा बदलणाऱ्या कुटुंबाची नोंद टिकावयाची कोठें? पत्त्याच्या दाखल्यावांचून मिळणारी पांच किलोची लहान टांकी बाजारांत आहे, पण ती पुऱ्या बाजारभावानें घ्यावी लागते. आणि शेजारीं सेंट्रिंगच्या टाकाऊ फळ्या फुकट पडलेल्या असतांना ती कोण घेईल? निदान स्नानाच्या पाण्यापुरता एक मार्ग मोकळा आहे. मोठ्या नव्या इमारतीवर सौर यंत्रणा बसविण्याचें बंधन बांधकामाच्या नियमांत आहेच. ती यंत्रणा शेवटच्या महिन्यांत विकत घेण्याऐवजीं पहिल्या महिन्यांत घेतली, आणि इमारत उभी राहीपर्यंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांशेजारीं एका चौथऱ्यावर मांडली, तर दोन हिंवाळे तेथील माणसांना लांकडें न जाळतां कढत पाणी मिळेल. आणि इमारत पुरी झाल्यावर तीच टांकी उचलून गच्चीवर नेतां येईल.