रेवसचा धक्का



आपण मुळशीकर ताम्हिणी उतरून अलिबाग-किहीमच्या वाळूत दोन घटका विसावतो. जरूर जावे, पण रेवसच्या धक्क्यावरही उभे राहावे. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. २०२० पासून शेजारच्या मांडव्याला मोटारी वाहणारी रो-रो बोट येते. सोय वाढली, समुद्र मात्र तोच आहे.

म्हणून बोटीत चढताना विचारा : माणसे किती, जाकिटे किती? मेळ बसेना तर पुढची बोट धरा. ‘आता जागा नाही’ म्हणणाऱ्या खलाशाशी भांडू नका. मालकापुढे तो एकटा असतो. त्याच्या पाठीशी उभे राहणे हे उतारूंचेच काम आहे.